तेल पाहा, तेलाची धार पाहा

(सदर : असं का बरं?)

बालमित्रांनो,

आज सुरुवातीलाच एक कोडं. अशी कोणती गाडी, जी पहाटेच्या गारव्यात एका हाकेत उठते. आणि भर दुपारी, अंग चांगलं तापलेलं असताना, कितीही विनवण्या केल्या तरी उठत नाही?

तुम्ही म्हणाल, ‘बाई, आमचा दादा तर याच्या बरोब्बर उलट आहे!’

अगदी खरं. आणि गंमत अशी, की डिझेलचं धडधाकट इंजिनही तुमच्या दादासारखंच असतं. थंडीत उठायला कुरकुर करतं. पण एकदा तापलं, की चावी फिरवायचा अवकाश, लगेच सुरू! मग आमच्या गोष्टीतली जीप अशी उलट्या खोपडीची का? ते शोधता शोधता आमच्या पाचवीच्या वर्गाचा गेला एप्रिल कसा सरला, ते कळलंच नाही.

जीपवाली आणि तिची वही

मूर्तिजापूर तुम्हाला ठाऊक असेल. अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. इथूनच अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर, अंजनगाववरून अचलपूरला ‘शकुंतला’ ही छोट्या रुळांची गाडी जायची. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला ओढायचं. १९९४ साली त्याच्या जागी डिझेलचं इंजिन आलं. आता शकुंतला बंद आहे. तिच्या वाटेवरच्या माणसांना एस.टी., ऑटो नाहीतर जीप यांचाच आधार.

अशीच एक जुनी डिझेल जीप माझ्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा चालवतात. मूर्तिजापूर ते दर्यापूर, दर्यापूर ते मूर्तिजापूर. मुलीचं नाव मी सांगत नाही. वर्गातली पोरं तिला ‘जीपवाली’ म्हणतात, तेच आपणही म्हणू.

एप्रिल लागला होता. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळची शाळा असते. एक दिवस जीपवाली डबा उघडून नुसती बसून राहिली. मी जवळ जाऊन विचारलं, तर हळूच म्हणाली, ‘‘बाई, घरी आईची पोत गहाण टाकून रायले.’’

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. अंगणात जीप उभी होती. बाबा म्हणाले, ‘‘काय सांगू बाई तुमाले! सकाळी अर्ध्या चावीत उठते. अन् दर्यापूरच्या स्टँडवर जरा उभी केली, का मंग हात जोडले तरी उठत नाही. बसलेले पाशिंजर उतरून दुसऱ्या जीपमंधी जातात. मिस्त्री म्हन्ते, रिंगा गेल्या, इंजन खोला लागते. तेवढे पैसे कुठून आणू?’’

म्हणून पोत गहाण टाकायची होती. सोनाराकडे जायचं ठरलं होतं पुढच्या सोमवारी.

आता खरं सांगते, मुलांनो, मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. डी.एड.ला खडू कसा धरायचा ते शिकवतात, पाना कसा धरायचा ते नाही! पण माझे एक मामा एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. रात्री मी त्यांना फोन लावला आणि विचारलं, ‘‘मामा, गाडी गरम झाल्यावर सुरू होत नाही. का बरं?’’

मामा हसले. म्हणाले, ‘‘पोरी, आधी पान्याले हात लावू नको. ‘काहून’ हे मागून विचार. आधी ‘कवा’ हे विचार. आठ दिवस लिहून ठेव, मंग सांग मले.’’

आधी ‘कवा’, मग ‘काहून’. म्हणजे आधी ‘केव्हा’, मग ‘का’. हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं. मी बाबांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. सोनाराचा सोमवार पुढे ढकलला. आणि जीपवालीने एक कोरी वही काढली. बाबा रात्री घरी येऊन सांगायचे, ती लिहायची. गाडी किती वेळ बंद होती, सुरू झाली का, सेल्फ मारताना आवाज कसा आला, सायलेन्सरमधून धूर आला का.

वहीतली काही पानं पाहा :

सकाळी ६. रात्रभर बंद. अर्ध्या चावीत सुरू.

सव्वासात. डिझेल भरायला २ मिनिटं बंद. लगेच सुरू.

आठ. दर्यापूर स्टँडवर २० मिनिटं बंद. सुरू नाही. सेल्फ जोरात फिरतो. धूर अजिबात नाही.

सव्वानऊ. बंद होऊन दीड तास झाला. सुरू.

दुपारी १२. घरी जेवायला २५ मिनिटं बंद. सुरू नाही. चौघांनी ढकलली, तेव्हा उताराला सुरू.

आठ दिवसांची पानं वाचली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की ही जीप लहरी नाही. तिचा नियम ठरलेला आहे! दोन मिनिटं बंद ठेवली तर चालते, दीड तास बंद ठेवली तरी चालते. अडते ती मधेच, पंधरावीस मिनिटांनंतर.

हे असं का बरं? त्यासाठी आपल्याला आधी इंजिनाच्या पोटात डोकवायला हवं.

काडी नाही, ठिणगी नाही, तरी आग!

सायकलचा पंप घ्या. त्याच्या नळीचं तोंड बोटाने घट्ट दाबून धरा आणि दहा-पंधरा वेळा जोराने दांडा मारा. आता पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून बघा. गरम लागतो ना? हवा दाबली, की ती तापते.

मोटारसायकलच्या पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकायला स्पार्क प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतोच. तिथे पिस्टन हवेला एवढं दाबतो, की आमच्या जीपसारख्या इंजिनात ती मूळ जागेच्या जवळजवळ विसाव्या भागात कोंबली जाते. हवा ५०० अंश सेल्सियसच्याही पलीकडे तापते. त्याच क्षणाला नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत येतो. डिझेल अडीचशे अंशांच्या आसपासच आपोआप पेटतं. मग काय, भडका उडतो, पिस्टन खाली ढकलला जातो आणि चाक फिरतं.

ही युक्ती रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरची. त्याचा जन्म पॅरिसचा, १८५८ सालचा. १८९३ मध्ये त्याने पहिलं इंजिन करून पाहिलं, ते धड चाललं नाही. चुका शोधत, नोंदी ठेवत तो चार वर्षं झटला. १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्ग गावी त्याचं इंजिन नीट चाललं. पुढे १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच तत्त्वावरचं एक छोटं इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं! आपण ज्याला ‘डिझेल’ म्हणतो, ते नाव तेलाला या माणसावरून मिळालं.

म्हणजे डिझेल इंजिन सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात, हे तुमच्या लक्षात आलं असेल. एक, सेल्फने इंजिन पुरेशा वेगाने फिरवायला हवं. दोन, हवा नीट दाबली जायला हवी. तीन, योग्य क्षणी, योग्य दाबाने डिझेलचा फवारा उडायला हवा. गाडी अडली, तर या तिघांपैकी कोणीतरी दांडी मारली आहे.

चोर कोण?

आता आम्ही वर्गात कोर्टच भरवलं. एकेका संशयिताला उभं केलं.

पहिला आला सेल्फ. गरम झाल्यावर काही गाड्यांचा सेल्फ मंद पडतो. तारांचे जोड सैल असले, बॅटरी अशक्त असली, की इंजिन ‘घुर्र... घुर्र...’ करत रखडतं. पण वहीत काय लिहिलं होतं? ‘सेल्फ जोरात फिरतो.’ सेल्फ सुटला.

दुसऱ्या आल्या पिस्टनच्या रिंगा. मिस्त्रीचा संशय यांच्यावर. रिंगा झिजल्या, की हवा कडेने निसटते, नीट दाबली जात नाही आणि पुरेशी तापत नाही. इथे मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, ‘‘बाई, मंग तं ती सकाळीच उठायला नको. सकाळी तं सगळंच थंड रायते!’’

शाबास! रिंगा झिजलेलं इंजिन सगळ्यात जास्त रडतं ते गार सकाळी. कारण हवा आधीच कमी दाबली जाते, त्यात सिलिंडर थंड. आमची जीप तर सकाळी अर्ध्या चावीत उठत होती. शिवाय हवा कमी तापली आणि डिझेल मात्र आत आलं, तर ते न जळता पांढऱ्या धुराच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडतं. वहीत होतं, ‘धूर अजिबात नाही.’ रिंगाही जवळजवळ सुटल्या. हे मी मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘‘वर्गात बसवा मले बी!’’ पण त्यांनी एक भर घातली. व्हॉल्व्हचं माप जास्त आवळलेलं असलं, तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, आणि मग फक्त गरम असतानाच हवा निसटते. ते माप तपासायला खर्च थोडाच. बाबांनी ते तपासून घेतलं. माप बरोबर निघालं.

तिसरं आलं ऊन. वर्गातल्या निम्म्या पोरांचं मत हेच : ‘‘जीपले ऊन लागलं, बाई!’’ मी विचारलं, ‘‘आपल्याच रस्त्याची गोष्ट विसरलात का?’’ जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर, अमरावतीकडच्या लोणीपासून मूर्तिजापूर तालुक्यातल्या मान्यापर्यंत, एका लेनचा ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला. त्याची नोंद गिनीज बुकात झाली. आपल्या वऱ्हाडातलं जूनच्या सुरुवातीचं ऊन, त्यात तव्यासारखं तापलेलं डांबर, आणि त्यावरून फिरणारी, डिझेलवर चालणारी ती जड यंत्रं. उष्णतेनेच इंजिन बिघडत असतं, तर तो रस्ता झाला असता का? ऊन हा चोर नव्हे. चोर कुठे दडलाय, ते ऊन फक्त दाखवून देतं.

आता उरलं तिसरं काम, म्हणजे फवारा. धूर अजिबात येत नाही, याचा अर्थ डिझेल आत पोचतच नाही. ते का पोचत नसेल? पाइपच्या एखाद्या सैल जोडातून हवा शिरत असेल. काही गाड्यांत डिझेल बंद-चालू करणारी विजेची कॉइल तापल्यावर दगा देते. चावी फिरवल्यावर तिची ‘टिक’ ऐकू येते का, ते पाहायचं. आमच्या जुन्या जीपला कॉइल नव्हतीच. गाडी बंद करायला ओढायची तार होती. बाबांनी पाइपचे जोडही आवळून पाहिले, काही फरक पडला नाही.

शेवटी कठड्यात उभा राहिला तो पंप. टाकीतून आलेलं डिझेल प्रचंड दाबाने नोझलकडे ढकलणारा इंजेक्शन पंप.

कपाळावर ओली पट्टी

संशय आला म्हणून कोणाला शिक्षा करायची नसते. पुरावा हवा. मामांनी एक युक्ती सांगितली. तुम्हाला ताप आला, की आई कपाळावर ओली पट्टी ठेवते ना? तीच युक्ती!

रविवारी दर्यापूरची फेरी करून बाबांनी जीप घरापुढे आणून बंद केली. वीस मिनिटं थांबलो. चावी फिरवली. सुरू नाही. मग बाबांनी एक जुनं धोतराचं फडकं गार पाण्यात बुडवून, पिळून, फक्त पंपाभोवती गुंडाळलं. फडकं कोमट झालं, की पुन्हा ओलं करायचं. बाकी इंजिन तसंच तापलेलं. दहा मिनिटांनी चावी फिरवली...

सुरू! पोरांनी केवढा कालवा केला म्हणून सांगू!

पण मी म्हटलं, थांबा. दहा मिनिटं नुसतं थांबल्यानेही ती सुरू झाली असेल तर? म्हणून जेवण झाल्यावर बाबा पुन्हा तेवढीच फेरी मारून आले. पुन्हा वीस मिनिटं थांबलो, चावी फिरवली, सुरू नाही. या वेळी तेच फडकं पंपाऐवजी सेल्फवर ठेवलं. दहा मिनिटं झाली. सुरू नाही! मग फडकं उचलून पंपावर ठेवलं. सुरू!

बघा, दोन्ही वेळा इंजिन तेच, ऊन तेच, माणसं तीच. बदलली फक्त एक गोष्ट : ओल्या फडक्याची जागा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे खरं कारण पकडता येतं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर श्रेय कोणाला द्यायचं?

ओंजळीतलं पाणी

पण पंप गार केला, की जीप का उठते? इथे आपली जुनी म्हण कामाला येते. तेल पाहा, तेलाची धार पाहा!

पंपाच्या आत एक बारीक दट्ट्या असतो. मिस्त्री लोक त्याला ‘प्लंजर’ म्हणतात. तो एका भोकात इतका नेमका बसवलेला असतो, की दोघांमधली फट मिलिमीटरच्या अवघ्या दोन-चार हजारांशांएवढी असते. आपला केस साधारण सत्तर हजारांश जाड असतो. म्हणजे केसाला वीस-तीस उभे काप दिले, तर त्यातला एक काप त्या फटीत कसाबसा मावेल! तिथे रबराची चकती नसते, काही नसते. नुसत्या त्या नेमक्या मापावर डिझेल आत कोंडलं जातं.

वर्षानुवर्षं धूळ आणि पाणी मिसळलेलं डिझेल गेलं, की दट्ट्या घासला जातो. फट वाढते. सकाळी डिझेल गार आणि जरा दाट असतं, त्यामुळे त्या वाढलेल्या फटीतून फारसं निसटत नाही. तापलं, की ते पातळ होतं आणि फटीतून मागे पळतं. नोझल उघडायला लागणारा दाब तयारच होत नाही. फवारा नाही, धूर नाही, गाडी नाही!

मग तुम्ही विचाराल, ‘बाई, रस्त्यावर पळताना तर इंजिन गरमच असतं. तेव्हा ते बंद का पडत नाही?’

छान प्रश्न. ओंजळीत पाणी घ्या. बोटांच्या फटींतून ते गळतंच. हळूहळू चालत गेलात, तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ओंजळ रिकामी. धावत गेलात, तर थोडं तरी पाणी पोचतं. पंपाचंही तसंच. धावत्या गाडीत दट्ट्या भराभर हलतो, डिझेलला निसटायला वेळच मिळत नाही. सेल्फ मात्र इंजिनाला फार हळू फिरवतो. म्हणून तर जीप ढकलून, उताराला सोडून सुरू होत होती.

आणि ते वीस मिनिटांचं गूढ? इंजिन चालू असतं, तेव्हा पंपातून टाकीतलं ताजं डिझेल वाहत असतं आणि पंखाही वारा घालत असतो. इंजिन बंद केलं, की हे दोन्ही थांबतं. पण शेजारचं भलंमोठं लोखंडी धूड तापलेलंच असतं. त्याची उष्णता हळूहळू पंपात उतरते. म्हणजे गाडी बंद केल्यावर पंप आधी आणखी तापतो आणि मग निवतो! दोन मिनिटांत तो तेवढा तापलेला नसतो. दीड तासात निवलेला असतो. आणि स्टँडवरचा एक चहा होईपर्यंत बरोब्बर तापलेला असतो.

बाबांनी पंप काढून अकोल्याच्या एका पंप दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो यंत्रावर चढवून तपासला. दट्ट्या घासला गेला होता. नवा बसवला. खर्च आलाच, पण इंजिन खोलण्याच्या मानाने बराच कमी. आईची पोत आईच्याच गळ्यात राहिली.

पंपवाल्याने बाबांना बजावलं, की डिझेलचा फिल्टर वेळेवर बदला, त्यातलं साठलेलं पाणी सोडत जा, उघड्या डब्यातलं डिझेल टाकीत ओतू नका. नाहीतर ओली पट्टी पुन्हा शोधावी लागेल. ओल्या पट्टीने ताप उतरतो, आजार जात नाही. ती पट्टी फक्त तपासणीसाठी होती.

हे मात्र करू नका!

तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल, ऑईल इंजिन असेल. हे वाचून लगेच बोनेट उघडायला धावू नका. जे काही करायचं, ते मोठ्या माणसांनी. आणि त्यांनाही तुम्ही या चार गोष्टी सांगा :

तापलेल्या पंपावर किंवा इंजिनावर कधीही बादलीने गार पाणी ओतायचं नाही. तापलेलं लोखंड एकदम गार झालं, तर तडकू शकतं. पंपाचा दट्ट्या आत अडकून बसू शकतो. पिळलेलं फडकंच वापरायचं.

फडकं गुंडाळताना इंजिन बंद हवं. चावी फिरवण्याआधी फडकं पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ नाही ना, ते पाहायचं.

गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट न्यायचं नाही. तो फवारा कातडीच्या आत शिरतो. वरून टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत मोठी इजा होते. असं झालं, तर लगेच दवाखाना गाठायचा.

घरी करून पाहा

पाण्याच्या दोन सारख्या रिकाम्या बाटल्या घ्या. दोन्हीत चार-चार चमचे गोडेतेल घाला. एका झाकणाला दाभणाने बारीक भोक पाडा. बाटलीच्या तळालाही एक भोक पाडावं लागेल, म्हणजे हवा आत येईल. तोवर तेल सांडू नये म्हणून तळाचं भोक बोटाने बंद ठेवा किंवा त्यावर चिकटपट्टी लावा. एक बाटली माठाच्या गार पाण्यात उभी करा, दुसरी अंघोळीच्या गरम पाण्यात. दहा मिनिटांनी गार बाटलीला ते भोकाचं झाकण लावून उलटी धरा, तळाचं भोक मोकळं करा आणि खालच्या वाटीत सगळं तेल उतरायला किती वेळ लागला, तो मोजा. मग तेच झाकण पुसून गरम बाटलीला लावा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. आईला आधी विचारा, आणि तेल वाया घालवू नका. ते पुन्हा भांड्यात ओता.

झाकण तेच का वापरायचं, हे तुम्हाला आता सांगायला नको.

आणखी एक वही

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण मला अजून थोडं बोलायचं आहे. तुमच्याशी, आणि हे पान वाचणाऱ्या तुमच्या आईबाबांशीही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. वाचायला उभा केला, की अडखळायचा. फळ्याकडे बघत नुसता गप्प राहायचा. मी त्याच्यावर रागवायचे. मनात म्हणायचे, याचं इंजिनच खोलावं लागेल! जीपच्या वहीनंतर मला माझीच लाज वाटली. मी त्याला ‘वाचत का नाहीस?’ असं शंभरदा विचारलं होतं. ‘केव्हा वाचत नाही?’ हे एकदाही पाहिलं नव्हतं.

मग मी त्याचीही वही केली. चार-पाच दिवसांतच दिसलं, की पुस्तकातलं तो घडाघडा वाचतो. अडतो ते फक्त फळ्यावरचं वाचताना, आणि तेही मागच्या बाकावरून. त्याला लांबचं नीट दिसतच नव्हतं. आज तो चष्मा लावून पहिल्या बाकावर बसतो आणि मला माझ्याच फळ्यावरच्या चुका दाखवतो!

हा तोच मुलगा बरं का, ज्याने रिंगांना निर्दोष सोडवलं होतं.

तेव्हा मुलांनो, गाडी अडो, गणित अडो, नाहीतर घरातलं कोणी रुसून बसो, रागवायच्या आधी एक कोरी वही काढा. आधी ‘कवा’, मग ‘काहून’.

आता या आठवड्याचं कोडं. डिसेंबरातली पहाट. चिखलदऱ्याच्या थंडीत एक डिझेल जीप उभी आहे. सेल्फ जोरात फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पण गाडी काही उठत नाही. तीच जीप दुपारी तापली, की अर्ध्या चावीत सुरू. सांगा पाहू, कोणाकोणावर संशय घ्याल, आणि कोणाला लगेच सोडून द्याल? नुसतं नाव नको, कारणासकट लिहा. पोस्टकार्डावर मावेल एवढंच!

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या,
बाई